उंदराला नसलेली खुंटी

सुनीतीबाईंच्या घरात एक नियम होता. बाहेरून पेढे आले की डबा आधी देवापुढे जायचा, आणि एकदा देवापुढे गेला की ज्या कामाचे पेढे ते काम झालं असं धरायचं. त्या दिवशी घरात 'पण', 'तरीसुद्धा', 'बघू या' असले शब्द चालत नसत. नियम त्यांच्या सासूबाईंचा. सासूबाई गेल्या, नारायण पेठेतली ती जुनी इमारत पाडून तिथे लिफ्टची नवी झाली, सागवानी देव्हारा जाऊन संगमरवरी आला, तरी नियम तसाच राहिला. सुनीतीबाईंना त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. देवाला अर्धवट बातमी कशाला सांगायची, इतकाच त्यांचा विचार.

त्यांचं सगळं आयुष्य अशा लहानलहान नियमांनी बांधलेलं होतं. पहाटे उठून देवांची पूजा, अथर्वशीर्षाची आवर्तनं, मग चहा. गुरुवारी उपास. बाहेरून आल्यावर हातपाय धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल नाही. स्वयंपाकघराच्या दाराआड भिंतीला पितळी खुंट्यांची एक ओळ होती. एकीवर भाजीची पिशवी, एकीवर दुधाची, एकीवर देवाच्या फुलांची. भाजीची पिशवी दुधाच्या खुंटीला अडकवलेली दिसली तरी त्या उचलून जागेवर लावायच्या. नवरा, अनंतराव, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. ते म्हणायचे, "हिच्या खुंट्या म्हणजे आमचं जुनं एक्स्चेंज. चुकीच्या जागी वायर लावली की सगळं शहर बंद."

दोन मुलगे. थोरला सलिल कंपनीत, धाकटा आमोद शनिवार पेठेतल्या एका शाळेत भूगोलाचा शिक्षक. आमोदचं शाळेत नाव होतं ते नकाशांसाठी. हातात खडू घेऊन तो कच्छपासून सुरुवात करायचा, किनाऱ्याने खाली कन्याकुमारीपर्यंत, मग वर बंगालच्या उपसागराच्या कडेने, आणि खडू फळ्यावरून न उचलता भारत पुरा व्हायचा. मुलं श्वास रोखून बघत बसायची.

लहानपणी आमोदला सर्दी-खोकला झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याची लघवी चहाच्या रंगाची व्हायची. तेव्हाचे घरचे डॉक्टर म्हणाले, उष्णता आहे. सुनीतीबाईंनी सब्जा भिजवून दिला, दूर्वांचा रस काढून दिला, आणि रंग निवळला की त्या नारळ वाढवायच्या. पुढे शिक्षक झाल्यावर शाळेतल्या आरोग्य तपासणीत त्याचं ब्लडप्रेशर फार निघालं. मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासला तेव्हा कळलं की उष्णता वगैरे काही नव्हतं. घसा आणि आतडी राखायला शरीर जे प्रथिन तयार करतं, तेच आमोदच्या अंगात बिघडलेलं निघत होतं, त्याच्या गुठळ्या होत होत्या, आणि त्या जाऊन मूत्रपिंडाच्या गाळणीत बसत होत्या. गाळणी बुजत चालली होती.

सून कादंबरी, सलिलची बायको, हिला हे ऐकताना काही समजावून सांगावं लागलं नाही. ती वाघोलीच्या पुढे एका संशोधन संस्थेत कामाला होती. सकाळी संस्थेची बस यायची, संध्याकाळी सोडायची. तिथे ती उंदरांवर प्रयोग करायची. लग्न होऊन आली तेव्हा सुनीतीबाईंना हे फार जड गेलं होतं. उंदीर धरलेले हात कणकेत कसे घालू द्यायचे? शेवटी त्यांनी सुनेला एकच सांगितलं, की घरी आल्यावर आधी अंघोळ, मग बाकीचं. कादंबरीने वाद घातला नाही. रोज संध्याकाळी ती दारातून सरळ बाथरूममध्ये जायची. तिच्या सबंध संसारात तिने हे एकदाच मोडलं, आणि ते पुढे येईलच.

आमोदच्या तपासणीनंतर कादंबरीने आपल्या साहेबांना सांगून कामाचा विषय बदलून घेतला. आधी ती दम्यावर काम करत होती, आता या मूत्रपिंडाच्या आजारावर करू लागली. घरात तिने हे कोणाला सांगितलं नाही. सुनीतीबाईंना ते वर्षभराने सलिलकडून कळलं. त्या दिवशी त्यांनी सुनेच्या पानात न मागता वरून तूप वाढलं. दोघींमध्ये बोलणं असंच व्हायचं.

आमोदचं मूत्रपिंड डॉक्टरांनी सांगितलं होतं त्यापेक्षा भराभर खराब होत गेलं. डॉक्टर म्हणाले, डायलिसिसची वेळ यायच्या आधीच दुसरं मूत्रपिंड बसवलं तर सगळ्यात चांगलं. सलिल पुढे झाला, पण त्याच्याही लघवीत रक्ताचा अंश सापडला आणि त्याला नाही म्हणाले. सुनीतीबाईंना साखर, त्यामुळे त्यांचा प्रश्नच मिटला. उरले अनंतराव. रक्तगट जुळला, तपासण्या एकेक करून चांगल्या आल्या. अनंतराव म्हणाले, "माझ्या एका किडनीला निवृत्त झाल्यापासून काही काम नाहीच. जाऊ दे तिला नोकरीवर." अवयवदानाच्या समितीची परवानगी आली. अक्षय्य तृतीयेनंतरची तारीख ठरली.

घरात सगळ्यांना हायसं वाटलं. सुनीतीबाईंचं मात्र उलट झालं. त्यांना एकच चित्र दिसायला लागलं. शेजारशेजारच्या दोन खोल्या, एकीत नवरा, एकीत मुलगा, दोघेही भूल दिलेले, आणि बाहेर बाकावर त्या. हातात जपाची माळ आहे, आणि पहिला मणी कोणाच्या नावाने ओढायचा तेच ठरत नाही. पूजा करताना हे चित्र यायचं, भाजी चिरताना यायचं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. आईने असा विचार करायचा नसतो, हे त्यांना माहीत होतं.

असं चाललं असताना चैत्रात एके दिवशी कादंबरी पेढ्यांचा डबा घेऊन आली.

घरात चैत्रगौर मांडलेली. हळदीकुंकवाच्या बायका नुकत्याच गेलेल्या, कैरीची डाळ आणि पन्ह्याची भांडी ओट्यावर तशीच. कादंबरी अंघोळ करून आली आणि तिने पिशवीतला डबा फ्रिजवर ठेवला. डबा भरलेला नव्हता, वरचा थर गेलेला होता. संस्थेत वाटून उरलेले पेढे होते ते. सुनीतीबाईंनी विचारलं, कशाचे गं. कादंबरी दमलेली होती, पण तोंडावर हसू होतं. म्हणाली, आमोदच्या आजारावरच्या औषधाचे. आजारी उंदरांना दिलं होतं, त्यांची मूत्रपिंडं स्वच्छ निघाली. गुठळ्या जवळजवळ गेल्याच.

सुनीतीबाईंनी डबा उचलला आणि नेऊन गौरीपुढे ठेवला. समईची वात पुढे सारली. डोळे मिटून उभ्या राहिल्या आणि किती वेळ उभ्या होत्या ते त्यांनाही कळलं नाही. कादंबरी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

रात्रीच्या जेवणाला सगळे बसले. सलिल फोनवर कुठल्यातरी मोठ्या औषध कंपनीची बातमी वाचून दाखवत होता, अनंतराव आमोदला म्हणत होते की तुझ्या वहिनीचे उंदीर आपल्या पेठेतल्यांपेक्षा कामाचे दिसतात, आणि आमोद हसत होता. कितीतरी महिन्यांनी हसत होता. त्या गलक्यात कादंबरी शेजारी वाढायला उभ्या असलेल्या सासूला हळूच म्हणाली, "आई, अजून एक प्रयोग व्हायचाय. माणसाच्या पेशीवर एक गोष्ट असते, ती उंदराच्या पेशीवर नसतेच. त्यामुळे हे औषध माणसात..."

सुनीतीबाईंनी तिच्या पानात भात वाढला. म्हणाल्या, "आज नको गं. पेढे देवापुढे आहेत."

कादंबरीने मान खाली घातली आणि जेवायला लागली. बाकी कोणाच्या कानावर ते वाक्य गेलं नाही. सुनीतीबाईंच्या गेलं. नीट गेलं, आणि मनात जाऊन बसलं. त्यांनी त्यावर झाकण ठेवलं.

पुढच्या आठ-दहा दिवसांत त्यांनी अनंतरावांपाशी विषय काढला. औषध येतंय, तेही घरातूनच येतंय, मग चिरफाडीची घाई कशाला? थोडे महिने थांबावं. अनंतरावांनाही भीती वाटत नव्हती असं नाही. आमोदला विचारलं तर तो लगेच म्हणाला, "बाबांना कापण्यापेक्षा उंदीर कापलेले काय वाईट?" त्याच्या मनात बापाचं पोट उघडायचं हे कधीच बसलं नव्हतं. सलिल म्हणाला, पुढच्या वर्षी माणसांवर चाचणी सुरू झाली तर आमोदचं नाव त्यात घालता येईल. कादंबरीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, चाचणी होईल की नाही ते आत्ता सांगता येत नाही, तुम्ही डॉक्टरांचं ऐका. डॉक्टर म्हणाले की थांबू नका. उंदरांवरच्या औषधाला माणसापर्यंत यायला वर्षं लागतात आणि बहुतेक येतच नाहीत. सुनीतीबाईंनी त्यांना नम्रपणे सांगितलं की आमच्या सूनबाई स्वतः त्या कामात आहेत. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग मी काय बोलणार? ठरवायचं तुम्हाला आहे."

तारीख रद्द झाली. प्रत्येकाला थांबायला आपापलं कारण होतं, आणि प्रत्येकाने ते दुसऱ्याच्या काळजीचं म्हणून सांगितलं. त्या रात्री सुनीतीबाईंना गाढ झोप लागली.

पावसाळा गेला. गणपती आले आणि गेले. आमोदच्या तोंडाला लोखंडासारखी चव यायला लागली, अंगाला खाज सुटायला लागली, जेवण समोर आलं की मळमळ. सुनीतीबाईंनी उपास वाढवले. सोमवार धरला, मग चतुर्थी धरली. दिवाळीनंतर शाळा सुरू झाली आणि एके दिवशी वर्गात नकाशा काढताना आमोदचा खडू ओडिशाच्या किनाऱ्याशी थांबला. हात वर उचलवेना. तो खुर्चीत बसला आणि मुलांना म्हणाला की उरलेला भारत तुम्ही वहीत पुरा करा. हे त्याने घरी गंमत म्हणून सांगितलं. कोणी हसलं नाही.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. सुनीतीबाई घट मांडून, पोथी वाचून पोळ्यांना लागल्या होत्या. दार वाजलं, कादंबरी आली, आणि बाथरूमकडे न वळता सरळ स्वयंपाकघरात आली. चपला तेवढ्या दारात काढलेल्या. केसांना, कपड्यांना तो संस्थेचा वास होता, भुश्याचा आणि औषधाचा. सुनीतीबाई बोलणार होत्या, पण सुनेचं तोंड बघून थांबल्या.

"आई, ते औषध चालत नाही," कादंबरी म्हणाली.

सुनीतीबाईंनी पोळपाट बाजूला सारला आणि स्टुलावर बसल्या. मग कादंबरीने जे चैत्रात सांगायचं राहिलं होतं ते सांगितलं. तिला शब्द सापडेनात. रिसेप्टर म्हणाली, ग्राही म्हणाली, आणि सासूच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही हे बघून तिने दाराआडच्या खुंट्यांकडे बोट केलं. आपल्या रक्तातल्या पहारेकरी पेशींच्या अंगावर अशा खुंट्या असतात, ती म्हणाली. तऱ्हेतऱ्हेच्या. प्रत्येक खुंटीला ठरावीकच पिशवी अडकते. आमोदच्या रक्तात ते जे बिघडलेलं प्रथिन फिरतं, त्याला पकडणारी एक खुंटी माणसाच्या पेशीला असते. उंदराला ती मुळातच नाही. देवाने दिलीच नाही म्हणा.

तिने खुंटीवरची भाजीची पिशवी काढून हातात घेतली. औषध त्या प्रथिनाला चिकटतं आणि त्याची अशी जड पिशवी होते. उंदराच्या अंगात ती पिशवी अडकायला जागाच नाही. ती वाहत वाहत यकृतात जाते आणि तिथे मुकाट्याने विरते, म्हणून मूत्रपिंड स्वच्छ. मग संस्थेत असे उंदीर घेतले की ज्यांच्या पेशींवर माणसाची खुंटी बसवलेली आहे. जन्मापासूनच. त्यांना तेच औषध दिलं.

कादंबरीने पिशवी खुंटीला अडकवली आणि खाली ओढून धरली. "पिशवी अडकली, आई. आणि अडकली की पेशीला वाटतं हल्ला झाला. ती चवताळते. एकीचं बघून दुसरी. त्यांची मूत्रपिंडं औषध न दिलेल्यांपेक्षा वाईट झाली."

सुनीतीबाई त्या ताणलेल्या पिशवीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं ते भलतंच. "आणि ते पहिले? ते बरे झाले होते ते? ते आहेत अजून?"

"नाही. मूत्रपिंड बघायचं तर मारावंच लागतं."

"बरे झालेल्यांनासुद्धा?"

"बरे झालेत हे तसंच तर कळतं, आई."

सुनीतीबाई उठल्या. घटापुढची समई मंद झाली होती, तिच्यात त्यांनी तेल घातलं. थोडं तेल चौरंगावर सांडलं. ज्या पेढ्यांना त्यांनी हात जोडले होते, ते ज्यांच्या नावाचे होते त्यातला एकही जीव तेव्हाच उरलेला नव्हता.

अनंतरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ठीक आहे, पुन्हा तारीख घेऊ. माझी किडनी अजून जागेवर आहे. पण जुन्या तपासण्या चालत नाहीत, सगळ्या नव्याने करायच्या. रक्त, लघवी, फोटो. मग हृदयाची. यंत्रावर चालायला लावलं तेव्हा डॉक्टरांनी मध्येच यंत्र थांबवलं. पुढची तपासणी झाली आणि कळलं की हृदयाच्या रक्तवाहिन्या चोंदल्या आहेत. छातीत कधी दुखलं नाही, दम लागला नाही, आणि आतून हे. अनंतरावांचीच शस्त्रक्रिया करावी लागली. मूत्रपिंड देण्याचा विषय त्यांच्यापुरता कायमचा संपला.

शेजारच्या राधाकाकू भेटायला आल्या आणि म्हणाल्या, किती नशीब, किडनीच्या निमित्ताने हे वेळेवर कळलं, देव पावला तुम्हाला. सुनीतीबाईंनी त्यांना चहा दिला. देव कोणाला पावला आणि कोणाकडून काढून घेऊन पावला, हे त्यांना विचारावंसं वाटत होतं.

अनंतराव दवाखान्यातून घरी आले त्या संध्याकाळी सगळे दिवाणखान्यात बसले होते. आमोदच्या डाव्या हाताला पट्टी होती, डायलिसिससाठी शीर जोडून घ्यायचं छोटं ऑपरेशन झालेलं. बोलणं कसं सुरू झालं ते नंतर कोणाला आठवेना. सलिल बायकोकडे वळून म्हणाला की उंदरात ती गोष्ट नसते हे तुला पहिल्यापासून माहीत होतं ना? कादंबरी म्हणाली, हो. तो म्हणाला, मग पेढे कसले आणलेस? तेव्हाच का नाही बोललीस? एवढी शिकलेली तू, घरात तोंड उघडता येत नाही?

कादंबरीने सासूकडे बघितलंही नाही. फक्त साडीच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, आणि पुन्हा सोडवत राहिली.

सुनीतीबाई देव्हाऱ्याशी निरांजनात वाती घालत होत्या. गप्प बसणं सोपं होतं. कोणी त्यांना विचारलंच नव्हतं, आणि सून बोलणार नव्हती हे त्यांना ठाऊक होतं. तिने आयुष्यभर ते पोटात ठेवलं असतं, आणि घरात दर सणाला सलिलची ती नजर तिच्यावर पडत राहिली असती.

"ती बोलली होती," त्या म्हणाल्या. पाठ वळवूनच. "त्याच रात्री, जेवताना. मला सांगत होती. मी ऐकलं होतं आणि मीच तिला गप्प केलं."

सलिल म्हणाला, काय ऐकलं होतंस? त्यांनी शब्द न बदलता सांगितलं. अजून एक प्रयोग व्हायचाय, माणसाच्या पेशीवर एक गोष्ट असते, ती उंदराच्या पेशीवर नसतेच.

अनंतरावांनी डोळे मिटून घेतले. "मग थांबू या असं कशी म्हणालीस?"

सुनीतीबाईंना ते शेजारशेजारच्या दोन खोल्यांचं सांगायचं होतं. माळेचा पहिला मणी, बाहेरचं बाक. पण छातीला टाके असलेल्या नवऱ्यासमोर आणि हाताला पट्टी असलेल्या मुलासमोर ते कसं सांगणार? त्या एवढंच म्हणाल्या, "तुमच्या काळजीने."

आमोदनेच शेवटी तोंड उघडलं. त्याचा आवाज शिकवताना असायचा तसा, शांत. "असू दे आई. वहिनीचे उंदीर बरे झाले होते ना? म्हणजे कोणीतरी झालं." मग तो उठून आपल्या खोलीत गेला. दार त्याने आपटलं नाही, नेहमीसारखंच लोटून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं सुनीतीबाईंना वाटलं.

नंतर ओट्यापाशी दोघीच असताना त्यांनी कादंबरीला विचारलं की तेव्हाच ऑपरेशन केलं असतं तर आमोद आज बरा असता का. कादंबरी खोटं बोलू शकली असती. तिने भांडं विसळून पालथं घातलं. "कदाचित असता. कदाचित बाबा टेबलावरच गेले असते. तेव्हा त्यांच्या हृदयात काय होतं ते आता कळायचा मार्ग नाही. मला माहीत नाही, आई." सुनीतीबाईंनी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एखादी अर्धवट गोष्ट तशीच, अर्धवट, हातात घेऊन उभं राहावं लागलं.

आमोदचं डायलिसिस सुरू झालं, एक दिवसाआड. मृत दात्याच्या मूत्रपिंडासाठी त्याचं नाव लावलं आहे, पण त्याच्या पुढे बरीच नावं आहेत. शाळेची नोकरी सुटली. आता तो घरी दोन-चार मुलांना शिकवतो, आणि नकाशा छापील वापरतो. पाणी मोजून प्यायचं, शहाळं नाही, केळं नाही. बटाट्यातले क्षार उतरावेत म्हणून सुनीतीबाई तो चिरून पाण्यात टाकतात, ते पाणी फेकतात, पुन्हा टाकतात, पुन्हा फेकतात, आणि मग भाजी करतात. त्या भाजीला कसलीच चव लागत नाही. आमोद ती न बोलता खातो. आईशी तो बोलतो, औषधाची वेळ झाली का, पेपर आला का. एवढंच. भांडण असं झालंच नाही, त्यामुळे ते मिटतही नाही.

कादंबरी अजून त्याच कामावर आहे. त्या खुंटीला अडकणारच नाही असं औषध करता येतं का, ते आता बघतात. एकदा जेवताना सलिलने विचारलं म्हणून ती हे बोलली. आमोदने पानातून वर न बघता विचारलं, "कुठल्या उंदरांवर? खुंटीवाल्या का बिनखुंटीच्या?"

"खुंटीवाल्या."

"लवकर करा म्हणावं त्यांना." मग थोडं थांबून, "माझ्यासाठी नाही. सलिलच्याही लघवीत रक्त आहे म्हणून."

सलिलचा घास हातात राहिला. सुनीतीबाई वाढायला वाकल्या होत्या, त्या तशाच सरळ झाल्या. हे त्यांच्या लक्षातच नव्हतं. सगळ्यांनी एकाच मुलासाठी देव पाण्यात ठेवले होते.

परवा राधाकाकूंची नात तनया पेढे घेऊन आली. दारातच डबा पुढे केला. सुनीतीबाईंनी तो घेतला, पण देव्हाऱ्याकडे वळल्या नाहीत. कशाचे गं, त्यांनी विचारलं. नोकरी लागली, ती म्हणाली. लागली म्हणजे? पत्र आलं? कायमची का तात्पुरती? पोरगी गोंधळली. म्हणाली, सहा महिने बघतील आणि मग कायम करतील, केली तर. सुनीतीबाई म्हणाल्या, "छान. मग सहा महिन्यांनी आणखी आण हो, देवापुढे ठेवीन." आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती जिना उतरताना कोणालातरी फोनवर सांगत होती की सुनीतीआजींचं काहीतरी बिघडलंय.

डबा जेवणाच्या टेबलावर राहिला. आमोद डायलिसिसहून आला, हातावर कापसाचा बोळा, चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा. त्याला दुधाचं चालत नाही. त्याने डब्याकडे बघितलं, एका पेढ्याच्या कडेचा नखावर मावेल एवढा कण काढून जिभेवर ठेवला आणि बाकीचा पेढा परत जागेवर बसवला.

"कशाचे?" त्याने विचारलं.

"अजून नक्की नाही," सुनीतीबाई म्हणाल्या.

तो हसला नाही. पण खुर्ची ओढून तिथेच बसला, आणि त्यांनी त्याच्यासाठी पाण्याचं छोटं भांडं मापून भरलं.